पोचल्याची रिंग

आमच्या घरी फोनवर फारसं बोलत नसत, रिंग देत. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे निघाले, कुकर लाव. तीन रिंगांचा अर्थ कधी ठरलाच नाही. तीनदा वाजवण्याइतकं काही असेल तर सरळ बोलावं, असं आईचं म्हणणं. पुढे मोबाईलवर वाटेल तितकं बोलता येऊ लागलं, तरी आई असेपर्यंत आमच्यात रिंगच चालली.

मी लालबागला राहते आणि लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत काम करते. मधे करी रोडचा पूल. चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ऑफिसात पाऊल टाकलं की लगेच मीटिंगला बसावं लागे आणि रिंग द्यायची राहून जाई. मग आई मजल्यावरच्या सगळ्या दारांत जाऊन, माझा काही फोन आला का, विचारून यायची. संध्याकाळी शेजारणी मला ऐकवायच्या. म्हणून मी एक सोय काढली. पुलाच्या मध्यावर आले की तिथूनच रिंग द्यायची. राहिलं दहा मिनिटांचं अंतर, तेवढ्यात काय होणार आहे?

व्हायचं ते एकदा झालंच. रिंग देऊन पूल उतरले आणि डिलाईल रोडच्या कोपऱ्यावर एका स्कूटरने मला पाडलं. पाय मुरगळला, फोन फुटला, सकाळचे तीन तास एका दवाखान्याच्या बाकावर गेले. दुपारी टॅक्सीने घरी आले तर आई तांदूळ निवडत बसलेली. मला लंगडताना बघून ती ताट तसंच टाकून उठली. एवढा वेळ झाला, तुला काळजी नाही वाटली का, असं मी उलट तिलाच विचारलं.

"रिंग इली, म्हणून मी गप बसलंय," ती म्हणाली. "इली नसती तर शोधूक गेलंय असतंय."

मला तेव्हा हसू आलं होतं. पाय सुजला होता, तरी आलं. पुढे मी जो घोळ घातला तो या एका वाक्यात मावणारा होता, आणि हे वाक्य मला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यांत फरक असतो, हे शाळेत आम्हाला मारून मारून सांगत. मार वाया गेला.

माझं काम चटकन सांगता येत नाही, म्हणून कोणी विचारलं की मी 'कॉम्प्युटर' एवढंच सांगते. वेबसाइटवर माणूस बटण दाबतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जे घडतं ते दुसरे करतात. त्याच्या पाठीमागे, नंतर, सावकाश जे घडतं ते माझ्याकडे. बटण दाबणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नसतं. त्यामुळे वेबसाइट एक चिठ्ठी लिहिते, अमक्याला अमका मेसेज पाठवा, आणि ती क्लाउडमधल्या रांगेत टाकून मोकळी होते. तिकडे आमचा दुसरा एक प्रोग्राम असतो, त्याला आम्ही वर्कर म्हणतो. तो चिठ्ठी उचलतो, काम करतो आणि रांगेला कळवतो, झालं. तोवर रांग ती चिठ्ठी फाडत नाही, नुसती लपवून ठेवते. ठरल्या वेळात 'झालं' आलं नाही, तर वर्कर वाटेत कुठेतरी पडला असं ती समजते, चिठ्ठी पुन्हा बाहेर काढते आणि दुसरा वर्कर ती उचलतो. म्हणजे आईचीच पद्धत. रिंग आली नाही की शोधायला निघायचं.

परळच्या एका डायलिसिस सेंटरचं असं काम आमच्याकडे होतं. डायलिसिसचे पेशंट आठवड्यातून ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येतात. एखादं मशीन बिघडलं की वेळा बदलाव्या लागतात. काउंटरवरच्या ताई स्क्रीनवर नवी वेळ टाकत आणि पेशंटच्या घरी मेसेज जाई. ताईंना इंग्रजी शब्द नको होते, म्हणून स्क्रीनवरचे शब्द मी मराठीत केले. मेसेजच्या पुढे 'थांबला' किंवा 'पाठवला'. हिरव्या रंगात 'पाठवला' दिसलं की ताई निश्चिंत.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. मग मेसेज पोचवणाऱ्या कंपनीकडून उत्तर यायला उशीर होऊ लागला. मेसेज जाई, पण आमचा वर्कर 'झालं' म्हणेपर्यंत रांगेचा धीर सुटे. चिठ्ठी पुन्हा बाहेर, दुसरा वर्कर तोच मेसेज पुन्हा पाठवणार. तरुण माणसाला एकच मेसेज दोनदा आला तर तो एक पुसून टाकतो. सत्तरीच्या माणसाला वाटतं, पुन्हा आलाय म्हणजे पुन्हा काहीतरी बदललंय. माणसं खात्री करायला सेंटरवर येऊन उभी राहू लागली. ताईंनी मला फोन करून सांगितलं की, मॅडम, सकाळपासून मी एकच गोष्ट बावीस वेळा सांगितलीय, आता माझंच डायलिसिस करा.

यावर नीट उपाय होता. रांगेला जरा जास्त वेळ धीर धरायला सांगायचं आणि कोणता मेसेज गेला याची आपल्याकडे वेगळी नोंद ठेवायची. दोन-तीन दिवसांचं काम. माझ्याकडे दोन-तीन दिवस नव्हते. अठरा वर्षं या धंद्यात काढल्यावर माणूस कामाने नाही थकत, त्याच त्याच घाईने थकतो. मी थकले होते, हे कारण म्हणून नाही सांगत, होतं ते सांगते. मी दोन ओळी वरखाली केल्या. वर्करने चिठ्ठी उचलली की आधीच 'झालं' म्हणायचं, स्क्रीनवर 'पाठवला' लिहायचं आणि मग मेसेज पाठवायचा. दुहेरी मेसेज त्याच दिवशी बंद झाले. ताईंनी सेंटरमधल्या कोणाच्या तरी वाढदिवसाचे पेढे माझ्यासाठी पाठवले. मी आजचं मरण उद्यावर ढकललं होतं आणि त्याचे पेढे खाल्ले.

ज्या चिठ्ठ्यांचं काम होतच नाही त्या रांग शेवटी एका वेगळ्या पेटीत टाकते, माणसाने येऊन बघाव्यात म्हणून. आमची ती पेटी मग महिनोन् महिने रिकामी राहिली. मॅनेजर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तसा स्वभावाने बरा मुलगा, मीटिंगमध्ये ती रिकामी पेटी कौतुकाने दाखवायचा. रिकामी राहणारच. काम होण्याआधीच झालं म्हटल्यावर अडलेलं काही उरतच नाही.

एका गुरुवारी दुपारी मी प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली. चढवताना जुने वर्कर बंद होतात, नवे सुरू होतात, मिनिटभराचं काम. नेमकं त्याच मिनिटाला सेंटरवर एक मशीन बंद पडलं होतं आणि ताईंनी तीन पेशंटांच्या शुक्रवारच्या वेळा दुपारवरून सकाळी सहावर आणल्या होत्या. वर्करने तिन्ही चिठ्ठ्या उचलल्या, रांगेला 'झालं' म्हणाला, स्क्रीनवर 'पाठवला' लिहिलं, आणि मेसेज पाठवायच्या आत मी त्याला बंद केलं. मला काही कळलं नाही. मी चहा प्यायला खाली गेले.

तिघांपैकी एकजण त्या वेळी सेंटरवरच होता, त्याला तोंडी कळलं. एका बाईंची मुलगी रोज फोन करून विचारायची, तिलाही कळलं. तिसरे काका डिलाईल रोडचे. ते शुक्रवारी नेहमीप्रमाणे दुपारी, डबा आणि बायको बरोबर घेऊन, हजर झाले. तुमची वेळ सकाळी होती, आता उद्या दुपारी या, असं त्यांना सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आतच त्यांना श्वास लागला. मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. आठवडाभर ते तिथे होते.

माझ्यापर्यंत हे आलं ते सेंटरच्या मेलमधल्या तीन ओळींत. पेशंटच्या घरचे म्हणतात मेसेज आला नाही, आमच्या स्क्रीनवर 'पाठवला' दिसतंय, कृपया पुरावा द्या. मी स्क्रीनचा फोटो काढला. हिरवं 'पाठवला', खाली तारीख, वेळ, मिनिट, सेकंद. पाठवून दिला. तपासून बघावं असं मनात आलं नाही, कारण तो शब्द मीच लिहिला होता.

चार-पाच दिवसांनी दुसऱ्याच एका तक्रारीसाठी मेसेज कंपनीकडची यादी उघडली. खरोखर कोणते मेसेज बाहेर गेले याची यादी. नजर त्या गुरुवारवर गेली. चार वाजून काही मिनिटांनी एक मेसेज, मग पुढचा वीस मिनिटांनी. मधे काहीच नाही. आमच्या स्क्रीनवरच्या 'पाठवला'ची वेळ या मधल्याच वीस मिनिटांतली होती. मी यादी पुन्हा लावली, पुन्हा तेच. मग नवी आवृत्ती किती वाजता चढवली होती ते बघितलं. तेच मिनिट.

मी मॅनेजरला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. दोन ओळी आजच्या आज नीट कर म्हणाला, वाटल्यास दुसरी कामं मी बाजूला ठेवतो. सेंटरला कळवायचं का, विचारलं तेव्हा तो म्हणाला, पेशंट आता घरी आलेत ना, मग आपण होऊन कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी दोन ओळी नीट केल्या. नोंद ठेवली, रांगेचा वेळ वाढवला, 'झालं' शेवटी नेलं. जे काम तेव्हा दोन-तीन दिवसांचं वाटलं होतं ते दीड दिवसात झालं. याचाही मला राग आला.

मूठ झाकलेली राहिलीही असती. पण बदल नीट चालतोय ना हे विचारायला मी काउंटरच्या ताईंना फोन केला आणि त्यांनी सहज, दुसरंच काही बोलता बोलता, सांगितलं की त्या डिलाईल रोडच्या काकी फार खचल्यात. मुलगा म्हणतो, तूच मेसेज डिलीट केलास. तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही त्याला दिला होता ना, तो त्याने सगळ्या नातेवाइकांत फिरवलाय. चार वर्षं काका-काकी दोघं यायची, सगळं काकी बघायच्या, वेळ, गोळ्या, काकांनी दिवसात किती पाणी प्यायचं त्याचं माप. आता मेसेजसाठी मुलाने स्वतःचा नंबर द्यायला लावलाय.

चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि सुळी मी स्वतः घडवून, तारीख-वेळ कोरून पाठवली होती.

पत्ता सिस्टीममध्ये होता. तो बघायचा मला अधिकार नव्हता, मी बघितला. चाळ माझ्या रोजच्या वाटेवरच निघाली. अठरा वर्षं मी तिच्यासमोरून जात होते. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून निघून गेले. दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. काका पलंगावर पडून टीव्ही बघत होते, आवाज जरा मोठाच. उशाशी स्टीलचा छोटा पेला, त्यावर पट्टी चिकटवून पाण्याची खूण केलेली. काकी बारीक अंगाच्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला. मी सेंटरच्या कॉम्प्युटरचं काम करणारी, म्हटल्यावर त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले आणि चहा टाकायला वळल्या. मुलगा घरात नव्हता.

मी तो चहा होईपर्यंतही थांबू शकले नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. "काकी, तो मेसेज तुम्ही डिलीट केला नव्हता. तो तुमच्या फोनवर आलाच नव्हता. चूक माझी झाली."

त्यांनी गॅस बारीक केला. मला वाटलं ओरडतील. मी तयारीने गेले होते.

"फोटो आहे ना गो," त्या म्हणाल्या. "त्यात टाईम पण लिवलाय. फोटो कशाला खोटं बोलेल?"

तो फोटो मीच पाठवला, मी म्हटलं, आणि तो शब्द मीच तसा लिहिला होता, पाठवायच्या आधी 'पाठवला'. कसं ते समजावून सांगायला लागले. चिठ्ठी, रांग, वर्कर. काकी मान हलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या. मग त्या स्वतःच सांगू लागल्या. त्या गुरुवारी दुपारी फोन भरला म्हणून त्या सकाळच्या शुभेच्छांची चित्रं पुसत बसल्या होत्या. फुलं, गणपती, चहाचे कप. एकामागून एक दाबत गेल्या. त्यातच तो गेला. त्यांना आठवत होतं. दाबताना एक मेसेज वेगळा दिसला होता, चित्र नसलेला, आणि बोट आधीच पडलं होतं, इतकं स्पष्ट आठवत होतं.

असा मेसेज नव्हताच, हे मला माहीत होतं. आणि माझ्यासमोर उभी असलेली बाई तो बघितल्याचं शपथेवर सांगत होती. मला रडू येईल असं वाटलं. घरचे लोक रोज म्हणत राहिले तर माणूस आपली आठवणसुद्धा त्यांच्या सोयीने बदलून घेतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण मीच घडवलेलं ते असं समोर कधी बघितलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या हातात कप दिला.

"चांगल्या घरची दिसतेस," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. कळतं मला."

काका टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले की, ती पहिल्यापासून सांगत होती, नाही आला म्हणून, मग मुलगा ओरडला तशी गप्प झाली. काकींनी त्यांना गप्प केलं. त्यांच्यासाठी अर्धा कप चहा मोजून ओतला, आणि तेवढं पाणी दिवसाच्या मापातून कमी झालं म्हणून पट्टीच्या खाली पेनाने नवी रेघ मारली. आणि ही बाई मेसेज हरवणार? मी तो पेला बघत राहिले.

निघताना त्या गॅलरीच्या टोकापर्यंत आल्या. कुठे राहतेस, विचारलं. लालबाग म्हटल्यावर, पुलावर अंधार असतो ग, सांभाळून जा म्हणाल्या. मग नंबर विचारून स्वतःच्या फोनवर हळूहळू एकेक आकडा लावला, तपासून घेतला, आणि मला एक रिंग दिली. "हा माझा. पोचलीस की नुसती रिंग दे."

मी पूल चढले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पुलाच्या मध्यावर आल्यावर माझा हात पर्समध्ये गेला, फोन निघाला, अंगठा काकींच्या नंबरवर आला. इतक्या वर्षांची सवय. खालून गाड्या जात होत्या. मी फोन परत आत ठेवला आणि चालू लागले. पूल उतरले, मसाल्याच्या दुकानांवरून वळले, आमचे जिने चढले, कुलूप काढलं, चपला काढल्या, दिवा लावला. मग रिंग दिली.

एक वाजली. कापणार, तेवढ्यात उचलला.

"पोचलीस?" काकी म्हणाल्या.

पोचले म्हटलं.

"घरात आहेस ना?"

घरात आहे म्हटलं. पलीकडे टीव्ही चालू होता, कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. काकी आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुलगा आलाय. मघाचं त्याला सांग. मी स्पीकर लावते."

कोण आहे, असा पुरुषाचा वैतागलेला आवाज आला. मी नाव सांगितलं, कुठे काम करते ते सांगितलं. सोमवारी मॅनेजरला काय उत्तर द्यायचं हे माझ्या मनात येऊन गेलं, आणि तिथेच राहिलं. मेसेज तुमच्या आईने डिलीट केला नव्हता, मी म्हटलं. तो आलाच नव्हता. फोटो मी पाठवला होता आणि तो चुकीचा होता. चूक माझी आहे, मी सेंटरलाही तसं लिहून देते.

टीव्हीवर जाहिरात लागली होती.

"परत सांग गो," काकींचा आवाज आला, आता मोठा. "टीव्हीमुळे नीट ऐकू नाही आलं त्याला."

कोणीतरी टीव्ही बंद केला. मी पहिल्यापासून परत सांगितलं.